हाताच्या मापाचं पॅनेल

संपादकांनी फोन करून "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी प्रामाणिकपणे विचारलं, "कुठल्या व्यवसायातले?" कारण मी दोन केले. पस्तीस वर्षं मी कणकवलीत विजेची पॅनेलं बनवली. बर्फाचे कारखाने, भातगिरण्या, पाण्याचे पंप असं सगळं माझ्या बटणांवर चालायचं, आणि त्या काळात कुठल्याही दिवाळी अंकाला माझी आठवण झाली नाही. गेली पाच वर्षं मी व्हिडिओ गेमची कपाटं बनवतो आहे, तर लगेच अनुभवसंपन्न झालो. शेजारीपाजारी मात्र अजून "म्हाताऱ्याक खेळण्यांचो नाद लागलो" एवढंच म्हणतात, आणि त्यांचं निरीक्षण अधिक अचूक आहे.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक उभं लाकडी कपाट. वरच्या भागात टीव्ही, आत छोटा संगणक, आणि कमरेच्या थोडी वर एक उतरती फळी. फळीवर डाव्या बाजूला एक दांडी आणि उजव्या बाजूला सहा-आठ बटणं. दांडीने पडद्यावरचा माणूस हलवायचा, बटणांनी त्याच्याकडून उड्या आणि मारामाऱ्या करून घ्यायच्या. कपाट सुतार करतो, टीव्ही दुकानात मिळतो, खेळ माझा भाचा भरून देतो. माझ्याकडे उरतं ते एवढंच की त्या फळीवर भोकं कुठे पाडायची हे ठरवणं. लोकांना वाटतं यात ठरवायचं ते काय, दहा मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटायचं.

या लेखात मला एक कबुलीही द्यायची आहे. माझ्या एका पॅनेलमुळे एका बाईची बोटं गेली. ते गेमचं पॅनेल नव्हतं, बर्फाच्या कारखान्यातलं होतं. पुढे त्याच बाईने मला घरी बोलावून गेमचं पॅनेल करायला सांगितलं, आणि तिच्या हाताला मीच कारण आहे हे तिला माहीत आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. पण आधी धंदा समजावून सांगतो. नाहीतर माझी चूक किती साधी होती ते लक्षात यायचं नाही.

कारखान्याच्या पॅनेलचा पहिला नियम असा की बटण चुकून दाबलं जाता कामा नये. म्हणून बटणं लांब लांब बसवायची, सरळ रेषेत, डोळ्यांसमोर, आणि प्रत्येकाखाली पट्टी लावायची. दोन बटणं एकदम दाबली तर काहीच होऊ नये अशी आत व्यवस्था करायची. दुसरा नियम असा की 'बंद'चं लाल बटण यंत्राजवळ हवं, हाताच्या अंतरावर. बस्स. एवढ्या दोन नियमांवर माणूस पस्तीस वर्षं पोट भरू शकतो.

अडचण नियमांची नसते, मालकांची असते. एका भातगिरणीच्या मालकांनी खंडेनवमीला माझ्या पॅनेलची अशी भक्तिभावाने पूजा केली, की हळदकुंकू आणि तेल बटणांच्या फटीत जाऊन 'चालू' अडकलं ते अडकलंच. गिरणी थांबेना. मालक यंत्रासमोर हात जोडून उभे होते. मी मेन स्विच पाडला, तर मला म्हणाले, "मेस्त्री, पुजेच्या दिवशी बंद केलात?" पुढच्या वर्षापासून त्यांनी पॅनेलच्या दारावर फक्त एक फूल ठेवावं असं आमच्यात ठरलं.

बर्फाच्या कारखान्याचे मालक देवभोळे नव्हते, हिशेबी होते. बंदरावर बर्फ फोडायचं एक यंत्र असतं. वरून बर्फाची लादी टाकायची, आत दातेरी रूळ फिरतात, खालून चुरा पडतो, तो टोपल्यांनी होड्यांत भरायचा. त्या यंत्राचं पॅनेल माझ्याकडे आलं. मालक म्हणाले, "पॅनेल ऑफिसात लावा. भायर लावलात तर कामगार येता-जाता बटणां दाबतत." मी म्हटलं, निदान 'बंद'चं बटण तरी यंत्रापाशी असू दे. ते म्हणाले, "मेस्त्री, कारखानो माझो." मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

पॅनेल ऑफिसात लागलं, फार सुबक झालं होतं. वर्षभराने एका दुपारी बर्फाचा तुकडा रुळात अडकला. कुंदा नावाची एक कामगार बाई तो ढकलायला गेली आणि तिचा उजवा हात आत ओढला गेला. ऑफिसला कुलूप होतं, मालक जेवायला गेले होते. कोणीतरी दार फोडून यंत्र बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मला मालकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन यंत्राच्या अंगावर एक लाल बटण बसवलं. अर्ध्या तासाचं काम. तेवढंच आधी करायचं होतं. मालकांनी कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. एवढंच ऐकलं होतं की ती आचऱ्याची.

पुढे तयार पॅनेलं ट्रकमधून यायला लागली आणि माझ्यासारख्यांची गरज सरली. मी गुडघ्यांचं कारण सांगून निवृत्त झालो, म्हणजे अब्रू राहिली.

त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीला पुण्याहून भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे, वय पंचेचाळीस, डोक्यावर केस नाहीत, पण लहानपणी बाजारातल्या गेमच्या दुकानात घालवलेल्या दुपारी तो अजून विसरलेला नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पॅनेलं करायचात ना? मग मला गेमचं एक करून द्या." सोबत त्याने इंटरनेटवरची चित्रं दाखवली. मी ती पाहून हसलो. बटणं वाकडीतिकडी, एकमेकांना चिकटून, खाली पट्टी नाही, कुठलं कशाचं बटण याचा पत्ता नाही. म्हटलं, या लोकांना पॅनेल म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आपण दाखवू.

आणि दाखवलं. पोलादी पत्रा, त्यावर राखाडी रंग. सहा बटणं सरळ रेषेत, दोहोंत अडीच-अडीच इंच अंतर. प्रत्येकाखाली कोरीव पट्टी: 'उडी', 'बुक्की', 'लाथ'. दोन बटणं एकदम दाबली गेली तर काहीच होणार नाही याची आतून चोख व्यवस्था. फळी उतरती ठेवणं मला गबाळेपणाचं वाटलं, म्हणून पॅनेल भिंतीसारखं ताठ उभं, डोळ्यांच्या पातळीत. भाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, यावर गिरणी चालू होईल."

तेवढ्यात भजनाची मंडळी आली. त्यांचे बुवा पेटी वाजवणारे, डबलबारीच्या भजनसामन्यांत नाव असलेले. उसळ तयार व्हायला वेळ होता म्हणून त्यांनी यंत्राचा ताबा घेतला. दोन्ही हात वर करून, साग्रसंगीत आरती केल्यासारखे ते खेळत होते आणि त्यांचा माणूस सारखा मार खात होता. उडी मारताना लाथ मारायची असते, म्हणजे दोन बटणं एकदम दाबायची असतात, आणि तेच मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने अशक्य करून ठेवलं होतं. बुवांनी खांदा चोळला, माझा हात धरून पेटीच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाले, "मेस्त्री, बोटां काय फुटपट्टीर उभी केलेली आसत? हां बघा, मधलां पुढे, करंगळी पाठी, आंगठो खंयच्या खंय. बटणां बोटांकडे येवक व्हयी. बोटां कित्याक बटणांकडे जातली?"

पस्तीस वर्षं मी बटणांकडे बघत होतो. हाताकडे बघायला पाहिजे हे मला एका पेटीवाल्याने उसळीची वाट बघता बघता सांगितलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी पुठ्ठा. गिऱ्हाइकाचा हात पुठ्ठ्यावर ठेवायचा, डोळे मिटायला सांगायचे आणि हात सैल सोडायला लावायचा. सैल सोडलेला हात कधीच सरळ नसतो, थोडा आत वळतो, बोटं थोडी वाकतात. जिथे बोटांची टोकं पडतील तिथे खुणा करायच्या. त्या खुणा जोडल्या की एक कमान दिसते. बटणं त्या कमानीवर. दांडी आणि बटणं यांच्यात इतकं अंतर की दोन्ही कोपरं अंगाला चिकटू नयेत आणि फाकूही नयेत. दोघांनी खेळायचं असेल तर दोघांचे खांदे मोजायचे, कारण चित्रात दाखवलेली माणसं आपल्याकडच्या मासेभातावर वाढलेली नसतात. फळीची पुढची कडा गोल घासायची, नाहीतर तासाभरात मनगटावर वळ उठतो. आणि खेळ बंद करायचं बटण हाताच्या टप्प्याबाहेर, कपाटाच्या माथ्यावर, चुकून कोणाच्या धक्क्याने रंगात आलेला खेळ बंद पडू नये म्हणून. बटण चुकून दाबलं जाऊ नये, एवढा एक जुन्या धंद्यातला नियम इथे कामाला आला. किनाऱ्यावर खारा वारा तांब्याच्या टोकांना हिरवं करतो, त्यामुळे आतल्या जोडण्यांना ग्रीस लावायचं. झाला धंदा.

तारकर्लीच्या एका रिसॉर्टवाल्यांनी पॅनेलवर चोवीस बटणं हवीत असं सांगितलं. मी म्हटलं, खेळाला सहा लागतात. ते म्हणाले, "बाजूवाल्याकडे बारा आहेत." मी चोवीस लावली. त्यातली अठरा कशालाच जोडलेली नाहीत. त्यांचे पर्यटक मला अजून फोन करून सांगतात की ते कोपऱ्यातलं निळं बटण दाबलं की फरक पडतो.

वालावलच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची मागणी याहून वरची होती. त्यांना नातवंडांसाठी यंत्र हवं होतं, पण पॅनेल असं हवं होतं की मुलं दहा मिनिटांत कंटाळली पाहिजेत, हात दुखला पाहिजे. मी म्हटलं, "गुरुजी, तसलं माझ्याकडे तयार आहे." आणि ते राखाडी पोलादी पॅनेल मी त्यांना देऊन टाकलं. दोन महिन्यांनी गेलो तर नातवंडं स्टुलावर उभी राहून त्यावर मजेत खेळत होती आणि मुख्याध्यापकांच्या खांद्याला मलम लावलेलं होतं. "मी फक्त तपासून बघत होतो," असं ते म्हणाले.

अशी माझी कीर्ती पसरत असताना आचऱ्याहून फोन आला.

"तुमीच ते खेळाची कपाटां करतात ते?" बाईचा आवाज होता, मासळी बाजारात भाव पाडलेला. "मगे आचऱ्याक येवा. माप घेवक व्हयां. माझो उजवो हात जरा येगळो आसा."

मी एस.टी.ने गेलो. घराला लागून तीन खोल्या, समोर माड, 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी. बाई हात पुसत बाहेर आल्या. मला चेहऱ्याआधी हात दिसला. अंगठा आणि करंगळी शाबूत. तर्जनी अर्धी. मधली दोन नाहीतच. त्या "मी कुंदा" म्हणाल्या, पण तोवर मला सांगायची गरज उरली नव्हती.

"बर्फाच्या मशीनीत गेली," त्या म्हणाल्या. "बंदरार. बावीस वर्सां झाली." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि त्याची फार बारकाईने तपासणी करू लागलो. पुठ्ठ्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

यंत्र कशाला हवं ते कुंदाताईंनी सांगितलं. पावसाळ्यात समुद्र बंद, बोटिंग बंद, आणि कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे दुपारभर "आता काय करायचं?" म्हणून त्यांच्या डोक्यावर बसलेले. "सकाळी म्हणतत पाऊस बघूक इलंव. दोन तासांनी पाऊस बघून झालो, आता काय? मी काय पडदो बदलतलंय?" म्हणून खेळाचं कपाट. "पण माका पण खेळूचां आसा. पावण्यांनी खेळूचां आणि मी भायर उभी रवान टाळयो वाजवूच्यो, तां जमूचां नाय. टाळयो पण नीट वाजनत नाय."

मी तज्ज्ञाच्या आवाजात सोपा उपाय सांगितला. दांडी उजवीकडे घेऊ, ती नुसती मुठीत धरायची असते. बटणं डावीकडे घेऊ, डाव्या हाताला पाचही बोटं आहेत. झालं. मी एवढ्यावर परत निघायच्या बेतात होतो.

"बावीस वर्सां सगळे माका ह्यांच सांगतत," कुंदाताई म्हणाल्या. "चमचो डाव्या हातान धर. सही डाव्या हातान कर. पावण्यांका वाडताना हो हात पदराखाली धर. तुमका बोलावलंय ता ह्यां परत आयकूक नाय. बटणां उजव्या हाताक व्हयी. जमता काय सांगा, नायतर बस साडेतीनाक आसा."

जमतं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मी पेन्सिलीने हाताची आकृती काढायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. तुटलेल्या बोटांना पेन्सिल लागली की झिणझिण्या येतात. त्या आत गेल्या, चुलीजवळ घावण्यांचं पीठ भिजवलेलं होतं, त्यात हात बुडवला आणि माझ्या पुठ्ठ्यावर सपकन मारला. "घेवा. ह्यां माप."

तो पुठ्ठा वाळेपर्यंत मी अंगणात बसलो आणि मग मांडीवर घेऊन कणकवलीला आलो. पिठाचा पांढरा हात होता तो. तळवा भरलेला, एका कडेला अंगठा आणि अर्धी तर्जनी, दुसऱ्या कडेला करंगळी, आणि मध्ये कोरा पुठ्ठा. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "काय पुजेचां काय?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर तो मी कपाटाआड ठेवला, कारण मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दोन दिवसांनी काढला, कारण काम करायचं होतं.

आत्तापर्यंतची माझी सगळी अक्कल मधल्या तीन बोटांची होती. इथे तीच नव्हती. मग विचार उलटा केला. काय आहे? तळव्याचा टाचेकडचा भाग, भक्कम. अंगठा, जो खाली नाही, आतल्या बाजूला दाबतो. करंगळी, जी बाहेरच्या बाजूला दाबते. आणि अर्धी तर्जनी, जिच्यापर्यंत बटणच वर यायला हवं. म्हणून सपाट फळी सोडली आणि फणसाच्या लाकडाचा एक उंचवटा कोरून घेतला, वर तळवा विसावेल असा. अंगठ्याचं बटण त्याच्या एका उतारावर, करंगळीचं दुसऱ्या. तर्जनीचं बटण लाकडी कडं घालून अर्धा इंच वर उचललं. तळव्याखाली कारखान्यात वापरतात तसलं मोठं बटण, आतली स्प्रिंग बदलून नरम केलेलं.

हे इथे चार ओळींत उरकलं, प्रत्यक्षात सात खेपा झाल्या. पहिला नमुना बघून कुंदाताई म्हणाल्या, "ह्यां कोणाच्या हाताचां? तुमच्या?" दुसऱ्या खेपेला उंची चुकली होती, कारण मी त्यांची चप्पल घातलेली उंची मोजली होती आणि त्या घरात अनवाणी वावरतात. तिसऱ्या खेपेला करंगळीचं बटण इतकं कडक होतं की "ह्यां दाबूक खलाशी आणूचो लागतलो." चौथ्या खेपेला त्यांनी मला बांगड्याचं तिखलं वाढलं, आणि जेवता जेवता अंगठ्याचा उतार चुकल्याचं सांगितलं, म्हणजे मला उठून जाता येऊ नये. सहाव्या खेपेला त्या काहीच बोलल्या नाहीत. मला ती दाद वाटली. मग म्हणाल्या, "कडा टोचता."

प्रत्येक खेपेला मी एस.टी.त ठरवून जायचो की आज सांगायचं. एकदा पाहुणे होते. एकदा त्या मासे तळत होत्या, तेलापाशी असलं बोलू नये असं मला वाटलं. एकदा त्या हसल्या होत्या, तेव्हा कशाला विषय काढा. माणसाला न बोलायचं असलं की कारणं फार सहज सुचतात. मी भेकडपणा करत होतो, आणि त्याला कामातली चिकाटी असं नाव देत होतो. सात खेपा घातल्या म्हणून भाच्याने फोनवर माझं कौतुकही केलं. ते मी ऐकून घेतलं.

सातव्या खेपेला कपाट टेम्पोतून नेलं, जोडलं, चालू केलं. जुना साधा खेळ होता, विमानाने वरून येणारी विमानं पाडायची. कुंदाताईंनी पदर खोचला, डावा हात दांडीवर ठेवला, उजवा उंचवट्यावर. हात बसला. म्हणजे खरोखर बसला, जसा तो पुठ्ठ्यावर बसला होता. पहिले तीन डाव त्या हरल्या आणि तीनही वेळा दोष टीव्हीला दिला. चौथ्या डावाला अंगठा आणि करंगळी एकदम दाबली गेली, पडद्यावर मोठा स्फोट झाला आणि सगळी विमानं एका फटक्यात साफ झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांचा हात मला दिसत होता आणि तो पदराखाली नव्हता. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची फार लाज वाटली.

"कुंदाताय," मी म्हटलं, "त्या बर्फाच्या मशीनचां पॅनेल माझां होतां. बंदचां बटण ऑफिसात मीयाच लावलेलंय."

"ठावक आसा," त्या म्हणाल्या. विमानं पाडणं चालूच होतं. "पॅनेलाच्या दारार तुमच्या नावाची पट्टी होती. रोज सकाळी झाडू मारताना वाचीत होतंय."

"मगे माकाच कित्याक बोलावलात?"

"दुसरो कोण सात येळा इलो असतो?"

बाईंनी मला पहिल्या फोनपासून बरोबर मापात घेतलं होतं. डाव संपला तेव्हा त्या वळल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजातला बाजार उतरला.

"बटण ऑफिसात लावलात, तां मालकाचां आयकलात. ता माका समाजता. आमी सगळीच मालकाचां आयकी होतंव. दुसऱ्या दिवशी येवन मशीनीक नवां बटण लावलात, तां पण माका हॉस्पिटलात कळलां. कामावरच्यो बायका सांगूक इल्ल्यो. म्हटलंय, मेस्त्री इलो हा, म्हणजे आता हंय पण येतलो. तीन आठवडे होतंय मी थंय. तुमी मशीनीक बघूक इलात ओ. माका बघूक नाय इलात."

"चुकलां माझां," मी म्हटलं. बावीस वर्षांत हे दोन शब्द मी कितीतरी वेळा मनात घोळवले होते. तोंडातून बाहेर आले तेव्हा ते फारच लहान वाटले.

"चुकलां तर चुकलां," त्या म्हणाल्या. "हे सात येळा इलात ते पॅनेलासाठी. ते मी धरूचंय नाय. आता माणसाक बघूक येतत तसे येवा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. मी चपला घातल्या, रस्त्यावरच्या दुकानात गेलो, बिस्किटांचा एक पुडा आणि दोन शहाळी घेतली. सदुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, ज्या घरातून आत्ताच बाहेर पडलो त्याच घराच्या पायरीवर पाहुण्यासारखा उभा राहिलो. मागच्या पडवीतून यंत्राचा आवाज येत होता, पाहुण्यांपैकी कोणीतरी खेळायला लागलं होतं.

कुंदाताई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, उजवा, आणि पुडा घेतला. मी समोरच्या बाकावर टेकलो. शहाळी पायाशी ठेवली.

"इच्यारूचां आसता ओ मेस्त्री," त्या म्हणाल्या. "बघूक इल्ल्या माणसान इच्यारूचां आसता."

"हात कसो आसा?" मी विचारलं.

"बरो आसा," त्या म्हणाल्या.